किल्ली माझ्याकडे आहे

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

गाडीची किल्ली शोधत बसू नका. खुंटीवरची माझ्या पर्समध्ये आहे आणि कपाटातली जोडकिल्ली काल संध्याकाळी माधवनगर रोडच्या फिटरला देऊन आले. तोंडावर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "बरं बरं" म्हणाला असता आणि मी पुण्यात पोचायच्या आत मिरजेला चक्कर मारून आला असता. म्हणून ही चिठ्ठी खुंटीला अडकवून निघतेय. रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

गुरुपौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला गाडी न्यायची नाही. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तेच, गेलंय; ते बदलून होईपर्यंत कुठेच न्यायची नाही.

तुमच्या चालवण्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. इस्लामपूरच्या लग्नाहून रात्री त्या पावसात तुम्ही सगळ्यांना कसं आणलंत ते मी विसरलेले नाही. दोष चाकाचा आहे, आणि तो मला नुसता वाटतोय असं नाही, बघून सांगतेय.

गाडीच्या आवाजासाठी टायरवाल्याने दर वेळी अलाइनमेंट (चाकांचा कोन जुळवणं) केली, कारण त्याच्याकडे मशीन अलाइनमेंटचं आहे! अलाइनमेंट गेली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतो. बॅलन्सिंग गेलं तर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. आपल्या गाडीला यातलं काहीच नाही. तिला आहे तो घूंऽऽ आवाज, ताशी चाळीसच्या पुढे सुरू होऊन वेगाबरोबर चढणारा. परवा मिरज रोडला मी मध्येच न्यूट्रल केलं तेव्हा तुम्ही ओरडलात ना, ते त्यासाठीच होतं. इंजिन खाली आलं, आवाज तसाच राहिला. म्हणजे इंजिन नाही. मग पुढची-मागची चाकं अदलाबदल करून पाहिली. टायरचा आवाज असता तर टायरबरोबर मागे गेला असता, तो पुढेच राहिला. आणि उजवीकडे वळताना वाढतो, डावीकडे वळताना दबतो. उजवीकडे वळलं की भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून डावं पुढचं चाक.

तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा अंगणात जॅक लावला. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या, स्टेपनी गाडीखाली सरकवून ठेवली, सगळं तुम्ही शिकवलंय तसंच. चाक वर-खाली धरून हलवलं तर आतून बारीकशी टक. आडवं धरून हलवलं तरी टक. मग आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून ब्रेक दाबायला लावला. (बाबा, इतक्या वर्षांत ती त्या सीटवर पहिल्यांदा बसली. "गाडी जाणार नाही ना गं?" असं विचारत दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसली होती.) ब्रेक दाबला की ढिलाई गायब, सोडला की परत टक. बॉल जॉइंट (चाकाला खालच्या दांड्याशी जोडणारा सांधा) गेला असता तर ब्रेक दाबूनही चाक हललं असतं. शेवटी एका हाताने चाकामागची स्प्रिंग धरली आणि दुसऱ्याने चाक फिरवलं. बोटांना खरखर लागली, आत वाळू असल्यासारखी. उजव्या चाकाला तसलं काही नाही.

"ग्रीस भरून घेतो" म्हणू नका. तुमच्या ऑफिसच्या जीपचं बेअरिंग खोलून ग्रीस भरता यायचं, हे बंद येतं. गेलं की बदलायचं. आणि असंच चालवत राहिलं तर तापतं, ढिलाई वाढत जाते, आणि चाक डुगडुगायला लागतं तेव्हा माणूस नेमका हमरस्त्यावर असतो. फिटर म्हणतो २०१९ च्या पुराचं पाणी शिरलं असेल. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा गाडी चाकभर पाण्यात होती हे खरं, पण मला नाही पटत. पाणी शिरलेलं बेअरिंग इतकी वर्षं गप्प बसत नाही. मला तर आपल्या रस्त्यातले खड्डेच वाटतात.

आता एक बोलते, मनाला लावून घेऊ नका. आईला तो आवाज दिवाळीपासून येतोय, तुम्ही मात्र "कमी झालाय" म्हणता. रोज तोच आवाज ऐकणाऱ्याला तो जाणवेनासा होतो, तसंच असेल. तरी मिरजेला डोळे दाखवायला जाल तेव्हा कानांची तपासणीही करून या. दहा मिनिटांचं काम. मलाही ऑफिसात दरवर्षी करावीच लागते.

अडचण होणार नाही असं सगळं लावून दिलंय. खालच्या रिक्षावाल्या मामांना सांगितलंय, सकाळी मंडईला आणि संकष्टीला गणपतीला तेच नेतील. पैसे मी दिलेत, तुम्ही पुन्हा देऊ नका. वाडीला एसटीने जा. बाबांना पंचाहत्तरीनंतर तिकीटच नाही, आईला अर्धं. पौर्णिमेच्या दिवशी गर्दी असणार, तर आदल्या दिवशीच जाऊन या; महाराज काही म्हणणार नाहीत. आईच्या गुडघ्याला मागची सीट नको, पुढे बसवा. गोळ्यांचा डबा आठवडाभर भरून ठेवलाय, दुधाच्या पिशवीचं शेजारच्या वहिनी बघतील.

बाबा, पेठ नाक्याला टायर बसला होता तो आठवतो? तुम्ही चाक काढत होतात आणि मी सगळे नट फ्रॉकच्या ओच्यात धरून उभी होते. ग्रीसने फ्रॉकचं वाटोळं झालं म्हणून आई ओरडली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "एकही नट हरवला नाही तिनं." वर्गात पहिली आले तेव्हासुद्धा मला इतकं भारी वाटलं नव्हतं. काल चाक काढताना नट कुठे ठेवावेत सुचेना, शेवटी ओढणीत बांधले.

तर आता ऐका. गुरुवारी फिटर गाडी न्यायला येईल. चालवत तोच नेईल, हळू. तुम्ही मागून रिक्षाने जा आणि तिथे खुर्ची टाकून बसा, तुमची नजर असली की तो काम नीट करतो. बेअरिंग प्रेसवरच (दाबाच्या मशीनवर) बसवायला लावा, हातोड्याने ठोकायला लागला तर तिथल्या तिथे थांबवा. हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमधचा, नट नवा घालायचा. जुनं बेअरिंग मागून घ्या, मला बघायचंय. यानंतर मात्र अलाइनमेंट खरंच लागेल, तेवढी त्या टायरवाल्याकडेच करा, त्यालाही बरं वाटेल. आणि पावसाळाभर आयर्विनला ४० फूट झालं की गाडी काकांकडे विश्रामबागला हलवायची, धोक्याच्या ४५ ची वाट बघायची नाही.

तुमची,
मनी

ता. क. आई, बाबांनी वाडीला जायला कुणाची गाडी मागितली तर मला लगेच फोन कर. त्यांच्यासमोरूनच कर.