गृहमंत्री महोदय, चौकीमागच्या सहा सायकलींत हवा कोण भरणार?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

विषय : आमच्या भागातली पोलिसांची सायकल गस्त (उद्घाटन झालेली, न टिकलेली).

महोदय,

तुम्हाला रोज ढिगानं पत्रं येत असतील आणि ती वाचणारा निराळाच कोणी असेल. त्या वाचणाऱ्याला माझा नमस्कार. मी 68 वर्षांची, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, पुण्याच्या दक्षिणेकडच्या एका जुन्या वसाहतीत राहणारी बाई. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करते आहे, उजवा हात झोळीत आहे. ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घ्या.

मागच्या मंगळवारी सकाळी सव्वासहाला दूध घेऊन परत येत होते. मोटरसायकलवर दोघे आले. मागचा म्हणाला, "काकू, इथे शाळा कुठेय?" मी उजवा हात वर करून दाखवायला वळले. पुढचं मला सलग आठवत नाही. मानेला करवत लागल्यासारखं झालं, चारपाच पावलं फरफटले आणि दुभाजकाच्या कडेवर खांदा आपटला. पिशवी फुटून दूध डांबरावरून वाहत चाललं होतं आणि मला पहिला विचार आला तो, आता चहाचं काय, हा. आईची बारा ग्रॅमची चेन होती. अर्धी ब्लाउजमध्ये अडकून राहिली, अर्धी शाळा शोधत गेली.

112 ला फोन केला, पोलीस लवकर आले, हे प्रामाणिकपणे लिहिते. बोलले पण असं : "आजी, एवढ्या सकाळी सोनं घालून कशाला बाहेर पडायचं?" म्हणजे चूक कोणाची ते पंचनाम्याआधीच ठरलं. 1 जुलै 2024 पासून हिसकावून नेण्याला नव्या न्याय संहितेत स्वतंत्र कलम आहे, 304, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, हेही तिथेच कळलं. चोराला कलम मिळालं, मला एक्स-रे. गळ्याजवळचं हाड मोडलंय. सहा आठवडे वेणी घालायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागणार आहे. रात्री कुशीवर वळता येत नाही, तेव्हा छताकडे बघत मी तुम्हालाच पत्र लिहीत असते. त्या मानानं हे फारच सौम्य आहे.

आता सायकलींचं सांगते. गेल्या वर्षी, आमच्याकडे अशाच चार चेन गेल्यावर, नागरिकांची बैठक झाली. आश्वासन मिळालं की पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी दिवेलागणीला सायकलवर पोलीस फिरतील. कोणा देणगीदारानं सहा सायकली दिल्या. मांडव, रांगोळी, नारळ, हिरवा झेंडा, सगळं झालं. सहा शिपाई सायकलवर बसले, चौकापर्यंत गेले, फोटोग्राफरला कोन मिळाला नाही म्हणून परत आले आणि पुन्हा गेले. टाळ्या मीही वाजवल्या. तेव्हा दोन्ही हात धड होते.

गस्त जेमतेम तीन आठवडे टिकली. शेजारचे म्हणतात दोनच.

हात झोळीत बांधल्यावर चार दिवसांनी जबाबावर सही करायला चौकीत गेले. मागच्या बाजूला, जप्त केलेल्या स्कूटरींच्या रांगेपलीकडे, निळ्या ताडपत्रीखाली त्या सहाही उभ्या होत्या. सीटवरचं प्लास्टिक निघालेलं नाही. टायरवर नव्या रबराचे बारीक केस असतात ना, ते तसेच. बाराही चाकं जमिनीला टेकलेली, एकीच्या तारांमधून गुळवेल वर चढलेली. आणि साहेब, सहाही सायकलींना मिळून एक जाड साखळी आणि कुलूप. पोलीस चौकीच्या आवारात, चोरीच्या भीतीनं! त्यांच्या चेन गंजल्या आहेत, पण जागेवर आहेत. माझी नाही.

तिथल्या हवालदारांना विचारलं. पन्नाशीचे, गुडघ्याला पट्टा बांधलेले गृहस्थ. म्हणाले, "ताई, सायकली देणगीतल्या. पंक्चरचे पैसे कुठल्या हेडमधून, म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यातून, टाकायचे? हेडच नाही. वर आम्ही चौघं. दोन बंदोबस्ताला, एक कोर्टात, एक मी." त्या माणसावर मी काय रागावणार? बारा तास उभं राहून आलेल्याला सायकल मारायला सांगणंसुद्धा एक प्रकारचा छळच. आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग 2016 साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला तेव्हा मी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. ते आता पिवळं पडलंय.

मोटरसायकलवरच्या चोराला सायकलवाला पोलीस कसा पकडणार, असं आमच्याच सोसायटीतले शहाणे विचारतात. नाहीच पकडणार. त्यानं पकडायचं नसतंच, त्यानं दिसायचं असतं. जीप काचा वर करून जाते. बीट मार्शल, म्हणजे मोटरसायकलवरचे गस्तीचे पोलीस, येतात, भिंतीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडच्या चौकोनाला मोबाइल दाखवतात, हजेरी लागली की वळतात. सायकलवाला बोळात शिरतो, आवाज न करता येतो आणि कुठल्या वळणावर निघेल याचा नेम नसतो. अमेरिकेत सिएटलच्या पोलिसांनी 1987 साली हेच ओळखलं. शहरातल्या कोंडीत गाड्या अडकायच्या, म्हणून शिपायांना सायकली दिल्या. आम्हाला सिएटलला जायची गरज नव्हती म्हणा. 1979 साली मी नोकरीला लागले तेव्हा दुसरी पाळी रात्री दहाला सुटायची आणि मी लेडीज सायकलवरून एकटी घरी यायची. वाटेत एक हवालदार भेटत, तेही सायकलवर. त्यांच्या डायनामोची घरघर आधी ऐकू यायची. माझा दिवा बंद म्हणून त्यांनी एकदा मला उतरवून घरापर्यंत चालत नेलं, स्वतःही उतरून. तेव्हा राग आला होता. आज त्या घरघरीसाठी मी पेन्शनमधून पैसे द्यायला तयार आहे.

पण आपल्याकडे चाक जितकं महाग तितकी त्याची हौस. 2020 साली वरळीला पोलिसांना उभ्यानं चालवायच्या विजेच्या दुचाक्या दिल्या, फोटो झकास आले होते. 2017 मध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला, आठशे किलोमीटरहून जास्त मार्गांचा. आमच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर सध्या वडापावची गाडी, दोन चारचाकी आणि एक रोहित्र आहे. जानेवारी 2026 मध्ये 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, तिच्यासाठी रस्ते तुळतुळीत झाले, परदेशी पाहुण्यांना खड्डा लागू नये म्हणून. छान झालं. पाहुणे गेले. आमच्या सहा सायकलींना मात्र पाच रुपयांची हवा मिळत नाही.

माझा भाचा म्हणतो, गस्तीच्या एका मोठ्या गाडीच्या पैशांत दीडशे साध्या सायकली येतात. मी आडाखा केला तर एकशेसाठ आल्या. तुमच्याकडे हिशेबनीस आहेत, त्यांनी बघावं. आमच्या चार गल्ल्यांत चौदा महिन्यांत नऊ चेन गेल्या. पलीकडच्या काकूंची धरली तर दहा, पण ती रिक्षात पडली असं त्यांची सून म्हणते. याच चौदा महिन्यांत आमच्या रस्त्यावरून मंत्र्यांचे ताफे किती गेले ते मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी कोपऱ्याकोपऱ्यावर शिपाई होता, एवढं खरं. म्हणजे माणसं आहेत. फक्त ती तुमच्यासाठी आहेत.

सर्वोच्च न्यायालयानं पोलीस सुधारणांचे आदेश 22 सप्टेंबर 2006 ला दिले. त्या दिवशी जन्मलेलं मूल आता मतदार आहे. आदेशाचं काय झालं ते कोणत्याही पक्षाच्या माणसाला विचारा, तो दुसऱ्या पक्षाचं नाव सांगेल. इंग्रजांनी 1861 साली कायदा केला तो रयतेला धाकात ठेवायला. आपण टोपी बदलली, बोर्ड मराठीत केले, आणि धाक अजून रयतेलाच आहे. चोराला असता तर त्यानं मला "काकू" म्हणायची हिंमत केली नसती.

मागणी लहान आहे. पंक्चर आणि हवेसाठी एक हेड काढा. पहाटेच्या दोन तासांसाठी दोन शिपाई द्या, तरुण, बंदोबस्तावरून न आलेले. चेन मिळेल अशी आशा मी ठेवलेली नाही, सोनार भाव सांगतो तेव्हा मी विषय बदलते.

कळावे,
एक करदाती (आणि अर्ध्या चेनची मालकीण)

ता. क. : माझा जुना पायपंप परवा चौकीत देऊन आले आहे. पावती मागितली तर म्हणाले, हेड नाही. पंपावर पांढऱ्या रंगानं माझं आडनाव लिहिलंय. काम झालं की परत पाठवावा.