भाचीच्या ऑल-स्टेट ऑडिशनबद्दल, सविस्तर

केटी, टेक्सास
ऑगस्टचा पहिला रविवार

प्रिय मंजू,
सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. भाची ह्यूस्टनला येऊन रुळली, नववीत नाव घातलं आणि शाळेच्या क्वायरमध्येही, म्हणजे वृंदगानाच्या गटातही, तिला घेतलं, हे ऐकून फार आनंद झाला. "ते ऑल-स्टेट ऑल-स्टेट म्हणतात ते काय असतं, आणि आपल्या गाण्याचा तिला तिथे उपयोग होईल की अडचणच होईल?" असं तू विचारलंस. फोनवर दहा मिनिटांत आटपण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मिरजेतल्या आपल्या पत्रांइतकं लांबेल, चहा घेऊन बस.

ऑल-स्टेट म्हणजे सगळ्या राज्यातून निवडलेल्या शाळकरी मुलांचे बँड, ऑर्केस्ट्रा आणि क्वायर. ती निवड करणारी टेक्सासमधल्या संगीतशिक्षकांची एक संघटना आहे, टेक्सास म्युझिक एज्युकेटर्स असोसिएशन, 1920 साली सुरू झालेली. तिने राज्याचे 33 विभाग पाडले आहेत. शाळा सुरू झाली की पानगळीच्या दिवसांत विभागाच्या फेऱ्या होतात. त्यातून वर गेलेली मुलं आणखी एका चाळणीतून जातात आणि जानेवारीत शेवटची 'एरिया' फेरी देतात. तिथे निवड झाली की फेब्रुवारीत सॅन अँटोनिओच्या अधिवेशनात बोलावणं येतं. बाहेरून आलेला एखादा नावाजलेला कंडक्टर त्यांच्याकडून काही दिवस सकाळ-संध्याकाळ तालीम करून घेतो आणि शेवटी कार्यक्रम होतो. बँड, ऑर्केस्ट्रा आणि क्वायर मिळून 70,000 हून जास्त मुलं या वाटेवर उभी राहतात आणि शेवटी पोचतात ती दोन हजारांच्या आत. आकडा सांगितला तो घाबरवायला नाही, पण घरच्यांना तो माहीत असावा. इथे पहिल्याच वर्षी नववीतली मुलगी सॅन अँटोनिओला पोचली नाही म्हणून रडारड होते, ती मला बघवत नाही.

प्रत्येक राज्याची रीत थोडी वेगळी असते. केंटकीत निवडलेली मुलं लुइव्हिलच्या एका उंच हॉटेलात उतरतात आणि रात्री झोपायला जाण्याआधी प्रत्येक मजल्याच्या कठड्याशी उभी राहून राष्ट्रगीत म्हणतात. त्याचा व्हिडिओ जरूर बघ. शिकवणाऱ्या माणसाला ही सगळी धडपड कशासाठी, ते त्यात दिसतं.

आता ऑडिशनच्या खोलीकडे वळते, कारण तिथेच तुझ्या भाचीला सगळं नवं वाटणार आहे. आपण मध्यमाच्या, विशारदच्या परीक्षेला बसलो तेव्हा परीक्षक समोर असायचे. राग विचारायचे, एखादी जागा आवडली तर मान डोलवायचे, फार घाबरलेलं पोर दिसलं तर पाणी द्यायचे. इथे परीक्षक पडद्यामागे बसतात. मुलीला नाव नसतं, नंबर असतो. तिने खोलीत बोलायचं नाही, कारण आवाजावरून कोणी ओळखलं तर पक्षपात झाला असं होईल. काही अडलं तर दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या कानात कुजबुजायचं. गाण्यातल्या ठरलेल्या ओळी तेवढ्या म्हणायच्या. त्याच ओळी त्याच पट्टीत तिच्या आधी कितीतरी मुलींनी म्हटलेल्या असतात आणि तिच्यानंतरही म्हणणार असतात. एकही दाद नाही, एकही चेहरा नाही. मैफलीत वाढलेल्या मुलाला ही शांतता फार जड जाते. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सप्टेंबरपासूनच भिंतीकडे तोंड करून गायला लावते, मागे मी आणि दोन-तीन वर्गमित्र वही घेऊन बसतो आणि संपल्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. पहिले काही दिवस मुलं चिडतात, मग सवय होते.

सारख्याच ओळी सतत ऐकणाऱ्या परीक्षकाचे कान कशावर जातात, हे तिला नीट समजाव. आवाज गोड आहे का, हे फार पुढे येतं. आधी लय. मग शब्दाचं शेवटचं व्यंजन. समजा लॅटिनमधला 'एत' शब्द चार मात्रा धरायचा आहे आणि पाचव्या मात्रेला विश्रांती आहे. तर 'त' बरोबर त्या पाचव्या मात्रेवर पडला पाहिजे. आधी पडला तर स्वर तोडला, नंतर पडला तर विश्रांती खाल्ली. मी मुलांच्या हातात पेन्सिल देते आणि प्रत्येक ओळीखाली शेवटचं व्यंजन कोणत्या मात्रेवर पडतं ते लिहायला लावते. श्वासाच्या खुणा, जिथे घसरायची भीती तिथे गोल, जिथे आवाज वाढवायचा तिथे बाण. मुलीचा कागद कोरा असेल तर तिने तयारी केलेली नाही, असं मी न ऐकता सांगते.

पण खरी निवड होते ती न पाहिलेलं नोटेशन वाचून गाण्यात. इथे त्याला सगळे साइट-रीडिंग म्हणतात. पाठ केलेलं गाणं सगळ्याच चांगल्या मुलांचं चांगलं होतं. समोर अचानक आठ मापांचा (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा भाग) तुकडा ठेवून जेमतेम अर्धं मिनिट दिलं, की तिथे रांगेत वर-खाली होतं. टेक्सासमधल्या शाळा हे 'दो रे मी' वर शिकवतात आणि दो सरकता असतो, म्हणजे ज्या पट्टीत गाणं आहे तिथला षड्ज तोच दो. हे आपलंच आहे, असं तुला वाटेल. तुझ्या भाचीलाही वाटेल, आणि मेजरमध्ये, म्हणजे बिलावलसारख्या शुद्ध स्वरांत, ती इतरांच्या कितीतरी पुढे असेल. सा रे ग म म्हणायचं त्याऐवजी दो रे मी फा म्हणायचं, आठवड्याभरात जिभेला वळण पडेल.

अडचण मायनरमध्ये येते. आपण थाट कुठलाही असो, आधार स्वराला सा म्हणतो, आणि मायनरसारखे स्वर हवे असतील तर ग, ध, नी कोमल करतो. इथे मायनरच्या आधार स्वराला 'ला' म्हणतात. आसावरी थाटाचे स्वर समोर असतील तर ती सवयीने 'दो' वरून सुरू करेल आणि दुसऱ्याच मापात सगळी नावं गडबडतील. तिला मूर्च्छनेने, म्हणजे त्याच स्वरांतला दुसरा स्वर सा धरून, समजावून सांग, तू ते सुंदर शिकवतेस. बिलावलचे स्वर घेऊन धैवताला षड्ज मानलं की आसावरी मिळतो, आणि धैवत म्हणजेच त्यांचा 'ला'. इतकं डोक्यात बसलं की तिला काही पाठ करावं लागणार नाही. कोमल निषादाऐवजी शुद्ध निषाद आला की तिथे 'सी' म्हणायचं. मी माझ्याकडच्या तेलुगू आणि तमिळ घरांतल्या मुलींनाही असंच समजावते, त्यांनी कर्नाटक पद्धतीत ग्रहभेद, म्हणजे मूर्च्छनेचंच तिथलं रूप, ऐकलेला असतो.

त्या अर्ध्या मिनिटात काय करायचं, त्याचा क्रम ठरलेला हवा. ओळीच्या सुरुवातीला शार्प (स्वर चढवणाऱ्या खुणा) असतील तर शेवटचा शार्प म्हणजे 'ती', फ्लॅट (उतरवणाऱ्या) असतील तर शेवटचा फ्लॅट म्हणजे 'फा'. त्यावरून दो शोधायचा. मग दो-मी-सोल-मी-दो म्हणून षड्ज पक्का करायचा. पहिला आणि शेवटचा स्वर बघायचा. मोठ्या उड्या कुठे आहेत त्या शोधून तेवढ्याच म्हणून बघायच्या. इथली मुलं हाताच्या खुणा करतात, प्रत्येक स्वराला वेगळी, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेनने रूढ केलेल्या. भाचीने त्या शिकायला टाळाटाळ करू नये, घाबरल्यावर हात आठवण करून देतो. आणि शेवटचं म्हणजे लय संथ धरायची आणि काही झालं तरी थांबायचं नाही. चुकलेला स्वर मागे जाऊन दुरुस्त केला की लयही गेली, मग एकाच चुकीचे दोनदा गुण कापले जातात. रोज थोडं वाचायचं, अगदी दिवाळीच्या दिवशीसुद्धा. ऑक्टोबरात सुरू केलं तर ते जमत नाही.

आता आवाजाबद्दल. हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. आपल्याकडच्या मुली काळी चार, काळी पाचला (पेटीच्या त्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात, छातीच्या आवाजात, आणि तार पंचमाच्या वर सहसा जात नाहीत. इथले शिक्षक पहिल्या आठवड्यात आवाज ऐकतात, खालचे स्वर भरदार लागले की "आल्टो", म्हणजे मुलींचा खालचा आवाज, म्हणतात आणि मुलगी चार वर्षं आल्टोत राहते. कित्येकदा तो आवाज मुळात सोप्रानोचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीचा, असतो, वरचा मोकळा आवाज तिने कधी वापरलेलाच नसतो एवढंच. त्या वरच्या आवाजाला आपण 'खोटा आवाज' म्हणून नाक मुरडत आलो. तो खोटा नसतो. तिला वरून खाली उतरायला लाव, 'ऊ' वर, हळू, जबडा सैल सोडून. बारीक स्ट्रॉमधून हवा सोडत स्वर काढायचा व्यायामही रोज करू दे. आवाजाचा अभ्यास करणाऱ्या इंगो टिट्झे यांनी तो खूप मांडला आहे आणि मी त्याचा गुण डोळ्यांनी पाहिलेला आहे. दोन-तीन महिने दे, मग कुठला भाग घ्यायचा ते ठरवा. शिक्षिकेला हे विनंती करून सांगायचं, हट्टाने नाही.

मींड आणि कणस्वर इथे दोषात धरतात. खालून घासत स्वराला जाणं हे आपल्याकडे लाडाचं, इथे 'स्कूप' म्हणून गुण जातात. तिने स्वर सरळ, नेमका, डोक्यावरून ठेवल्यासारखा लावायचा. खर्जाची बैठक असलेल्या मुलीला ते अवघड नाही, फक्त सवय मोडायची आहे, आणि ती सवय खोलीत शिरताना मोडत नाही.

उच्चारांची काळजी करू नकोस. लॅटिन आणि इटालियनचे त-द आपल्या त-द सारखेच दातांवर लागतात, ते अमेरिकन मुलांना शिकवावे लागतात, तिला आयते मिळालेत. जर्मन लागलं तर मात्र इथे मास्तर हवेत.

एक गंमत तुला आवडेल. तंबोऱ्यातून उमटणारा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा जवळजवळ 14 सेंट उतरलेला असतो (सप्तकाचे 1,200 सेंट धरून, म्हणजे तुलाही मोजता येईल). वाद्यांशिवाय गाणारी चांगली क्वायर मेजर कॉर्ड (सा-ग-प एकाच वेळी) लावते तेव्हा नकळत त्या उतरलेल्या गंधाराकडे जाते आणि सगळी खोली गुंजायला लागते. तंबोऱ्यावर वाढलेली मुलगी तिथे सोन्यासारखी. पण पियानोची साथ असेल तेव्हा तिने पियानोच्याच गंधाराला लागायचं. आपला गंधार खरा, हा वाद घालायची ती जागा नाही.

आता माझा मुद्दा, ज्यावर इथल्या माझ्या सहकाऱ्यांशी माझं दरवर्षी वाजतं. ऑडिशन एकट्याची, म्हणून सगळी तयारीही एकट्याने करायची, असा इथे प्रघात पडत चाललाय. मुलांना त्यांच्या भागाचं रेकॉर्डिंग मिळतं, ती कानात घालून बसमध्ये, जेवताना, झोपताना ऐकतात आणि पोपटासारखी पक्की होतात. आपल्या ओळीखाली बेस, म्हणजे सगळ्यात खालचा भाग, काय गातोय, आपला स्वर कॉर्डमधला तिसरा आहे की पाचवा, त्यांना पत्ताच नसतो. मला हे सहन होत नाही. बक्षीस आहे ते दोन-अडीचशे जणांत मिसळून गाण्याचं, आणि तयारी अशी की दुसऱ्याचा आवाज ऐकायचीच सवय राहत नाही. म्हणून मी ऑक्टोबरपासून चौघाचौघांचे गट करते. एका भागाला एकच मुलगा. एकाने चुकवलं तरी बाकीच्यांनी सावरायचं, आणि मग भाग बदलून एकमेकांची ओळ वाचायची. स्पर्धेतले प्रतिस्पर्धीही याच गटात असतात, मी मुद्दाम ठेवते. यातली मुलं पडद्यासमोर एकटी उभी राहतात तेव्हाही त्यांच्या गाण्यात बाकीच्या तीन ओळी ऐकू येतात. लय हलत नाही, स्वर उतरत नाही, विश्रांतीच्या जागा जिवंत राहतात. आणि निवड नाही झाली तरी ते पोर चौघांत गायला शिकलेलं असतं. तिच्या शाळेत असं होत नसेल तर घरी तिच्या आईने तरी तिच्याबरोबर दुसरा भाग धरावा. तुझ्या बहिणीचा आवाज चांगला आहे, लाजते एवढंच.

अभ्यासाचंही सांग. टेक्सासात 1984 पासून कायदा आहे, कुठल्याही विषयात 70 च्या खाली गुण गेले तर स्पर्धांतून नाव बाद. गणितापायी गाणं गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि सर्दी झाली तर कुजबुजून बोलू नको म्हणावं, त्याने घसा बसतो, त्यापेक्षा गप्प बसावं.

आता तू एवढं कर. तिच्याकडून दोन रेकॉर्डिंग करून घे, फोनवरच. एक, बिलावलचे स्वर 'ऊ' वर, जिथवर न ओढता जाता येईल तिथवर. दुसरं, कुठलंही माहीत नसलेलं नोटेशन, पहिल्याच वाचनात, चुकलं तरी न थांबता. मला पाठव. ह्यूस्टन आमच्यापासून तासाभरावर आहे, शनिवारी सकाळी भाचीला घेऊन ये, असं बहिणीला सांग, माझ्याकडच्या चौघांत पाचवी म्हणून बसेल. दुपारी जेवूनच जातील, मी भाकऱ्या करीन.

काकूंना नमस्कार सांग. क्लासातल्या पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
सुलू