तुझ्या पेन्सिलीच्या खुणा

प्रिय अनू,

दीड वर्ष झालं, तुझ्या पत्राला उत्तर नाही. सबबी सांगत बसत नाही. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आज लिहितेय कारण काल जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही.

नव्या विद्यार्थिनीला सरावासाठी आपली जुनी रेकॉर्डिंग्ज दिली होती. तीच, उंदरांच्या सातव्या दिवसाच्या पिल्लांची. पहिल्यांदा बघताना ती अगदी तुझ्यासारखीच गप्प झाली. गुलाबी, डोळे मिटलेलं पिल्लू वाडग्यात एकटं, तोंड उघडतंय, बरगड्या हलताहेत, आणि खोलीत चिडीचूप. आपला कान 20 किलोहर्ट्झला थांबतो, ते ओरडतंय साठ-सत्तरला. पडद्यावर मात्र रेघांचा पाऊस. आईला हाका मारतंय आणि स्वतःला अजून ऐकूही येत नाही.

मग तिने विचारलं, "मॅडम, वहीत प्रत्येक नंबरापुढे पेन्सिलीने 'न' नाहीतर 'मा' लिहिलंय, ते काय?"

अक्षर कुणाचं ते सांगायला नको.

आठवतं ना? तू प्रत्येक पिल्लू उलटं करून शेपटीखालचं अंतर बघायचीस, नरात जास्त, मादीत कमी. आणि मी घड्याळ घेऊन डोक्यावर उभी. पिल्लू गारठतंय, गारठलेलं पिल्लू जास्त ओरडतं, तू डेटा नासवतेस. "एवढ्याशा जिवात कसला नर नि कसली मादी" हेही मीच म्हणाले होते. तीन दिवस तू माझ्याशी चिठ्ठ्यांवर बोललीस. चौथ्या दिवशी माझ्या पाठीला 'मा' लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीस आणि मी ती घेऊन अख्खा सेमिनार बसले.

पोरीने तुझ्या खुणांप्रमाणे डेटा वेगळा केला. जनुक बिघडलेले नर आपल्या धडधाकट भावांपेक्षा कमी ओरडत होते. तशाच माद्या आपल्या बहिणींपेक्षा जास्त. एकत्र केलं की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. आणि आपण पेपरात छापलं, "फरक आढळला नाही."

रात्रभर झोप नाही. आनंदाने नाही गं. सगळी मिळून सहाच वेतं होती, म्हणजे सहा आयांची एकेका बाळंतपणातली पिल्लं. एका वेताची पिल्लं एकमेकांसारखीच असतात, म्हणजे चाळीस पिल्लं म्हणजे चाळीस साक्षीदार नव्हेत, सहा घरं. त्यात नर-मादी वेगळे केले की प्रत्येक खणात मूठभर उरतात. शिवाय ही फोड आधी ठरवलेली नव्हती, आणि डेटा पुरेसा चिरला की काही ना काही सापडतंच. तेव्हा हा योगायोग असू शकतो. पण मग छातीठोक "फरक नाही" लिहायचा अधिकार तरी आपल्याला कुठून आला होता?

माद्या घ्यायच्या नाहीत, त्यांच्या ऋतुचक्राने आकडे हलतात, हे आपण पाठ म्हणायचो. सात दिवसांच्या पिल्लाला कसलं ऋतुचक्र! आणि 2014 मध्ये जवळजवळ 300 शोधनिबंध चाळून दाखवलं गेलं की उंदरांच्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले नसतातच. रेट सिंड्रोमचं बघ, तो मेंदूच्या वाढीचा जनुकीय आजार. रोगी बहुतेक मुली, पण वर्षानुवर्षं प्रयोग नर उंदरांवर, कारण त्यांच्यात एकच एक्स गुणसूत्र, ते लवकर आणि सगळे एकाच तऱ्हेने आजारी पडतात. मादीच्या काही पेशींत चांगलं जनुक चालू, काहींत बिघडलेलं, म्हणून तिचं चित्र गुंतागुंतीचं. सोय आपली, आणि वगळली ती.

मला सगळ्यात जास्त टोचतंय ते आईचं. 2013 चं मोठ्या जातीच्या उंदरांमधलं, म्हणजे रॅटमधलं काम तुला आठवत असेल. तिथे नर पिल्लांच्या मेंदूत फॉक्सपी2 हे आवाजाशी जोडलेलं प्रथिन जास्त, ती जास्त हाका मारतात आणि आई त्यांनाच आधी उचलते. त्या प्रथिनाचं प्रमाण बदललं की क्रमही उलटतो. म्हणजे हाकेचा अर्धा भाग ऐकणारीत असतो. आपण आईला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवून मोकळे झालो. आपली ती जास्त ओरडणारी मादी पिल्लं, त्यांना आधी उचललं की शेवटी? कुणी बघितलंच नाही.

उंदराची हाक म्हणजे बोलणं नव्हे, हे मला तू शिकवायला नको. जन्मतः बहिरा उंदीरही तसाच गातो. पण ऑटिझमचा अभ्यासही अशाच उंदरांवर होतो. त्याचं निदान तीन-चार मुलग्यांमागे एका मुलीचं होतं, आणि औषधाची पहिली चाचणी होते त्या पिंजऱ्यात नरच असले, तर त्या एकीच्या वाट्याला काय येणार?

तुझी बदली झाली का? चिनूची परीक्षा कशी गेली? आईंना नमस्कार सांग, मी त्यांना फोन केला नाही याचंही वाईट वाटतंय.

सर म्हणाले, जुनं उकरू नकोस. मी मात्र नियतकालिकाला लिहायचं ठरवलंय, आणि नवी वेतं घेऊन, फोड आधीच जाहीर करून, प्रयोग पुन्हा करणार आहे. या वेळी आईसुद्धा कॅमेऱ्यासमोर. मागे तुझं नाव फक्त आभारात गेलं. मी तेव्हा भांडायला हवं होतं, भांडले नाही. आता तुझी हरकत नसेल तर ते पहिलं लिहीन.

आणि करड्या पुठ्ठ्याची दुसरी वही तुझ्याकडेच आहे ना? कुठलं पिल्लू कुठल्या आईचं ते तिच्यात आहे. पानांचे फोटो पाठव, पेन्सिल पुसट झाली असेल तर उजेडात धरून काढ.

तुझी,
सुमा