दिवाळीपर्यंत थांबू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बाबा शेजारीच बसले होते, त्यामुळे मोकळेपणानं बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसले. 'कॅल्शियम खाली आलंय ना, मग आता दिवाळीलाच चांगली सुट्टी टाकून येतो,' असं तू म्हणालास. बाबांच्या रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम खाली आलंय हे खरं. पण दिवाळीपर्यंत थांबू नकोस. का, ते नीट सांगते.

गणपती उठल्यापासून बाबांचं पाणी पिणं फार वाढलं होतं. उशाशी ठेवलेला तांब्या बघता बघता रिकामा व्हायचा. लघवीला सारखं उठायचे, पोट साफ होत नव्हतं, जेवणावरची वासनाच गेली होती. घरी येणारे-जाणारे म्हणायचे, केमोमुळे असेल, दुखण्याच्या गोळ्यांमुळे असेल. तसं होतंही. मग ते दिवसाही झोपून राहू लागले. जागे असले की चादरीची कड चिमटीत धरून उगीच ओढत बसायचे. एका संध्याकाळी मला 'आक्का' म्हणून हाक मारली, तेव्हा मी ताबडतोब गाडी बोलावली. वॉर्डात इतकी वर्षं नोकरी केल्यावर काही गोष्टी कळतात.

रिपोर्टात कॅल्शियम १२.९ आलं. वरची मर्यादा साधारण साडेदहा. पण बाबांचं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, २.८ होतं, आणि ते कमी असलं की खरं कॅल्शियम कागदावर दिसतं त्याहून जास्त असतं. चारच्या खाली अल्ब्युमिन जितकं उतरेल, त्यातल्या प्रत्येक एकामागे ०.८ मिळवायचे. म्हणजे जवळजवळ १३.९. चौदाच्या पुढे गेलं की जिवाला धोका.

काकूंनी लगेच दूध-दही बंद करा म्हणून सांगितलं. त्यांचं प्रेम कळतं, पण हे कॅल्शियम जेवणातून आलेलं नाही, ते हाडांतून आलंय. बाबांच्या फुप्फुसातल्या कर्करोगाच्या गाठीसारख्या गाठी एक द्रव्य तयार करतात, ते गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाची नक्कल करतं. कुणी खोटी सही करून बँकेतून पैसे काढावेत, तसं ते हाडांतून कॅल्शियम काढत राहतं. अशा एखाद्या द्रव्याचा संशय डॉक्टरांना १९४१ पासून होता, सापडलं ते १९८७ मध्ये. वाढलेलं कॅल्शियम मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवू देत नाही. पाणी जातं, रक्त आटतं, मूत्रपिंड मंदावतं, की कॅल्शियम आणखी चढतं. म्हणून आधी सलाईन, भरपूर. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या बंद केल्या, बीपीच्या गोळीत थायझाइड होतं, ते कॅल्शियम शरीरात धरून ठेवतं, म्हणून तीही बदलली. मग हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारं इंजेक्शन, झोलेड्रॉनिक ॲसिड, ४ मिलिग्रॅम, शिरेतून. त्याचा गुण यायला दोन-चार दिवस लागतात.

आणि गुण आला. सकाळी डोळे उघडून त्यांनी पहिल्यांदा विचारलं, 'कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं का?' मग पेपर मागितला, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुर केली. मला इतका आनंद झाला की बाहेर जाऊन रडून घेतलं.

आता अवघड भाग. आक्कांचंही कॅल्शियम असंच वाढलं होतं आणि त्या आज हिंडत्याफिरत्या आहेत, हे तुझ्या मनात असणार. पण त्यांना मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतला रक्ताचा कर्करोग, होता, आणि त्यावर चालणारी औषधं मिळाली. कॅल्शियम उतरवलं की त्रास कमी होतो, माणूस शुद्धीवर येतो. आयुष्य किती, हे मात्र मूळ आजारावर काही करता येतंय का, यावर ठरतं. १९९० साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी अशा १२६ रुग्णांचा अभ्यास छापला होता. त्यातले निम्मे महिनाभराच्या आत गेले. ज्यांच्या कर्करोगावर उपचार करता येत होते, ते त्याहून बरेच जास्त जगले. तेव्हापेक्षा आजची औषधं चांगली आहेत. पण बाबांचा आजार यकृतात पसरलाय आणि पुढची केमो त्यांना झेपेल असं डॉक्टरांना वाटत नाही. मूळ गाठ तशीच राहिली, तर या इंजेक्शनचा असर साधारण महिनाभर टिकतो. मग कॅल्शियम पुन्हा चढतं, आणि पुन्हा दिलेलं औषध पहिल्याइतकं चालेलच असं नाही. कुणाच्या बाबतीत किती दिवस, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत आणि मीही सांगणार नाही. पण दिवाळीचा भरवसा मी तुला देऊ शकत नाही.

आज बाबा स्वच्छ बोलतात, माणसं ओळखतात. पुन्हा कॅल्शियम चढलं तर परत दवाखाना, सुया, सलाईन हवंय, की घरी माझ्याजवळ राहायचंय, हे त्यांनाच विचारलं पाहिजे. या अवस्थेत इंजेक्शन न घेणं हाही एक मार्ग आहे. तेव्हा माणूस हळूहळू झोपेत जातो, आणि दुखणं, मळमळ यांना औषधं देता येतात. मी वॉर्डात असे निर्णय नातेवाइकांनी दाराबाहेर कुजबुजत घेतलेले पाहिलेत, रुग्ण ग्लानीत गेल्यावर. बाबांच्या बाबतीत ते मला नको आहे. त्यांचं उत्तर तुझ्यासमोर, त्यांच्या तोंडून ऐकायचंय. ते जे म्हणतील ते मी करीन, पण एकटीनं ऐकायची ताकद माझ्यात नाही.

तेव्हा या शुक्रवारचीच गाडी धर. राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस मिरजेला येते, तिथं कुणालातरी घ्यायला पाठवते. सूनबाई आणि मुलांनाही आण, शाळा आठवडाभर बुडाली तरी चालेल. ऑफिसला पत्र लागत असेल तर डॉक्टर लिहून देतील, मी विचारून ठेवलंय. शनिवारी रक्त परत तपासायचं आहे, तो रिपोर्ट आपण दोघं मिळून डॉक्टरांना दाखवू.

तुझी,
आई