कोअरच्या पेट्या सांभाळणाऱ्या काकाजींना

काकाजी, नमस्कार.

माझा प्रबंध मागच्या आठवड्यात मंजूर झाला. ऋणनिर्देशात तुमच्यासाठी एकच ओळ आली, तीही शेवटून दुसरी. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कोअर म्हणजे बोअर मारताना जमिनीतून काढलेल्या दगडाच्या कांड्या; त्यांच्या पेट्या तुम्ही सांभाळता.

आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा पर्मियन काळातला, 25 कोटी वर्षांहून जुना. तेव्हाच्या दलदलीतल्या ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांचे परागकण आणि नेच्यांचे बीजाणू कोळशात, शेलमध्ये म्हणजे चिखलाच्या दगडात, अजून टिकून आहेत. त्यांचं कवच इतकं चिवट, की हायड्रोफ्लोरिक आम्लात दगड विरघळतो आणि कण तसाच राहतो. कुठला कण किती खोलीवर दिसू लागतो आणि कुठे नाहीसा होतो, हे मोजून मी दोन बोअरचे थर जुळवते. खोली चुकली तर सगळंच चुकलं.

वणीकडच्या त्या बोअरची पेटी ट्रकमधून उतरवताना उलटली, ती दुपार आठवते? तुकडे मातीत विखुरले होते आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. तुम्ही पोतं अंथरलंत, चष्मा पुसलात आणि एकेका तुकड्याची तुटलेली कड दुसऱ्याशी लावून बघू लागलात. कड बसली की लाल रंगाचा बाण जुळतो का ते पाहायचं, मगच तुकडा खाचेत. दिवेलागणीला शेवटचा तुकडा बसला. तोवर तुम्ही डबासुद्धा उघडला नव्हता.

आणि कपाशीचं ते प्रकरण. एका नमुन्यात मला मोठा, गोल, अंगभर काटे असलेला परागकण दिसला. पर्मियनमध्ये फुलझाडं नव्हतीच, मग हा आला कुठून? कपाशीचा पराग जड आणि चिकट, वाऱ्यावर फारसा उडत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतली धूळ हे उत्तर पटेना. चार दिवस मी भांडी घासत होते, आम्लाच्या बाटल्या बदलत होते. सहज तुम्हाला फोन केला, तर तुम्ही लगेच म्हणालात, "मॅडम, ड्रिलिंगचं पानी बाजूच्या वावरातल्या तळ्यातलं होतं न. कपाशी फुलावर होती, तळ्यात फुलंच फुलं पडून रायली होती." तेच पाणी ड्रिलिंगच्या चिखलात गेलं आणि चिखल कोअरच्या अंगाला बसला. बाहेरचा थर मी नीट खरवडला नव्हता, चूक माझी होती. पुन्हा आतला गाभा काढून नमुना केला, काटेरी कण गेला. त्या खोलीचे आकडे आज प्रबंधात आहेत ते तुमच्यामुळे.

कुठल्या बोअरला कुठलं पाणी लागलं, हे कुठल्याच नोंदवहीत नव्हतं. ते तुमच्या ध्यानात होतं. आता प्रत्येक नव्या बोअरला मी पहिल्यांदा पाण्याचा नमुना घेते, आणि नव्या पोरांनाही तेच सांगते.

तुम्ही एकदा विचारलं होतं, बीजाणूवर तीन रेघा कशा असतात म्हणून. चार बीजाणू एकमेकांना चिकटून वाढतात, सुटले की त्या जागी ती खूण राहते. तिचा मोठा फोटो करून ठेवलाय. पोळ्याला गावी येते, तेव्हा घेऊन येईन. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
शेडवरची मॅडम