सर, त्या टॉवेलबद्दल

गुरुवर्य सर,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या गावी पाठवता आलं असतं. पण १९९६ साली मी तुम्हाला जे बोललो ते भरल्या हॉलमध्ये, पंचांच्या टेबलापुढे, आपल्याच पोरांच्या देखत बोललो. भांडण उघड्यावर करायचं आणि आभार गुपचूप मानायचे, हे काही बरं नाही. म्हणून चारचौघांत लिहितोय. तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेलच.

बॉक्सिंगची राज्य स्पर्धा, ६० किलो, उपांत्य फेरी. दुसरा राउंड चालू होता आणि माझ्या हिशेबाने मी हरत नव्हतो. तेवढ्यात डोळ्यांपुढून काहीतरी पांढरं गेलं आणि पायाशी पडलं. तुमचा सोलापुरी टॉवेल, निळ्या काठाचा. प्रशिक्षकाने टॉवेल टाकला की लढत सोडली, असा अर्थ. रेफ्रीने मला मिठी मारून मागे ओढलं. मी टॉवेल लाथेने उडवला आणि ओरडलो, "भीती तुम्हाला वाटली तर तुम्ही जावा की घरी!" पुढे आणखी एक शब्द होता, तो इथे लिहीत नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्या हातांची बँडेज सोडवत बसलात. घामाने गाठ आवळली होती, ती दातांनी सोडवलीत.

दुसऱ्या दिवसापासून मी यायचा बंद झालो.

आता थोडं मागे जातो, कारण यात अमेरिकन हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझियरचाही हात आहे.

कोल्हापुरात पोरगं तालीम सोडून ठोसेबाजी शिकतंय म्हटल्यावर घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. "माती सोडून दोरीत कशाला अडकतोस?" असं माझ्या आजोबांनी विचारलं होतं. मी अडकलो तो तुमच्या गोष्टींमुळे. ट्रेनिंग संपल्यावर चिंचेखाली आम्ही धापा टाकत बसायचो आणि तुम्ही सुरू करायचात, "अमेरिकेत ब्यूफोर्ट म्हणून गाव आहे, साउथ कॅरोलिना राज्यात..." जसं काही ते गडहिंग्लजच्या पुढे असावं. आमच्यातल्या कुणी जोची एकही लढत पाहिलेली नव्हती. पण त्याचं घर आम्हाला आमच्या गल्लीइतकं पाठ होतं. १९४४ चा जन्म, घरात भावंडांचं लेंढार, वडिलांचा डावा हात गेलेला, त्यामुळे शेतात जोच त्यांचा डावा हात. लहानपणी डुकराची खोडी काढली, ते मागे लागलं, हा पडला आणि डावा हात मोडला. डॉक्टरला पैसे नाहीत. हात वाकडाच जुळला, पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. "आणि त्याच वाकड्या हातानं," तुम्ही स्वतःचं कोपर वाकवून दाखवायचात, "पुढं जगाला झोपवलं. लेफ्ट हुकसाठी, डाव्या हाताच्या आडव्या ठोशासाठी, हात देवानंच वाकवून ठेवलेला."

त्याने पोत्यात चिंध्या, मक्याची रिकामी कणसं आणि वीट भरून ते ओकच्या झाडाला टांगलं होतं. आपलं पोतं चिंचेला होतं, आत वाळू आणि बायकांच्या जुन्या साड्या. आम्हाला वाटायचं, फरक फक्त झाडाचा आहे.

पंधराव्या वर्षी त्याने घर सोडलं. पुढे फिलाडेल्फियात कत्तलखान्यात काम, थंड खोलीत टांगलेल्या मांसावर ठोसे मारायचा सराव, पोलिसांच्या जिममध्ये वजन उतरवायला जाणं आणि तिथं यँक डरहॅम या प्रशिक्षकाच्या नजरेत भरणं. हे तुम्ही भराभर उरकायचात. टोकियोला आलात की मात्र आवाज खाली यायचा.

१९६४ चं ऑलिंपिक. निवड चाचणीत जो बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिसच्या हाताला दुखापत झाली म्हणून बदली म्हणून गेला. उपांत्य लढतीत सोव्हिएत बॉक्सरला हरवलं, पण त्यात स्वतःच्याच डाव्या हाताचा अंगठा मोडला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं. तसाच अंतिम फेरीत उतरला, जर्मनीच्या हान्स ह्यूबरला ३-२ ने हरवलं आणि सुवर्ण घेऊन आला. इथं तुम्ही स्वतःचा अंगठा मुठीत लपवायचात आणि आमच्याकडे एकेकाकडे बघायचात. "दुखणं ज्याला लपवता येतं, तो बॉक्सर."

सर, हे वाक्य मी तुमच्यावरच उलटवणार आहे, पण थांबा.

शेवटची गोष्ट १९७१ ची. तुम्ही फौजेत नवे होता. १९७१ म्हटलं की तुमच्या सोबत्यांना डिसेंबर आठवतो, तुम्हाला ८ मार्च. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मुहम्मद अली ३१ लढतींत अजिंक्य, जो २६ लढतींत अजिंक्य, दोघांना पंचवीस-पंचवीस लाख डॉलर. जोच्या कोपऱ्यात डरहॅमबरोबर एडी फच नावाचा शांत प्रशिक्षक. त्याने हेरलं होतं की अली उजव्या हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायला जातो तेव्हा उघडा पडतो. त्याच क्षणी डावा हुक सोड. त्यानेच जोला वाकून, डुलत, ठोशांखालून आत शिरायला शिकवलं होतं. त्यापायी तुम्ही हॉलच्या गजापासून खांबापर्यंत सुतळी बांधून आम्हाला तिच्याखालून डावी-उजवी करत पळवायचात. "आत शीर, लेका, आत! लांब राहिलास की मेलास." पंधराव्या राउंडला तो वाकडा हात फिरला आणि अली पाठीवर पडला. उठला, पण तिन्ही पंचांनी कौल जोला दिला. तुम्ही टाळी वाजवायचात. "चला, सुतळी सोडा, घरी पळा."

गोष्ट नेहमी तिथंच संपायची. पुढे काय झालं हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. जिंकल्यावर पुढं काय असणार?

आता माझं दुखणं सांगतो. राज्य स्पर्धेच्या आठवडाभर आधी स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, जुन्या ग्लोव्हचा अंगठा माझ्या डाव्या डोळ्यात गेला होता. दोन दिवसांनी डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले, कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. लढतीआधी डॉक्टरांनी टॉर्च मारून "काही त्रास?" विचारलं. मी "नाही" म्हणालो. डोक्यात टोकियोचा अंगठा होता.

तुम्हाला मी काही सांगितलं नव्हतं. पण तुम्ही दीड राउंडात ओळखलंत की डाव्या बाजूने येणारा एकही ठोसा मला दिसत नाहीये.

तीन आठवड्यांनी वडिलांनी पाहिलं की पेपर वाचताना मी मान वाकडी करतो. त्यांनी मिरजेला नेलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला चीर होती. अजून मार बसला असता तर पडदा सुटला असता, असं डॉक्टर म्हणाले आणि लेझरने ती चीर बांधून टाकली. येताना एसटीत मी वडिलांना शपथ घातली की हे सरांना सांगायचं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही बरोबर होता हे कबूल करावं लागलं असतं. वडील गेले, शपथ पाळून गेले. म्हणजे तुमचा टॉवेल कशासाठी पडला हे आजपर्यंत तुम्हाला कुणीच सांगितलेलं नाही, मीही नाही. एवढी वर्षं.

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये जो गेला, यकृताच्या कॅन्सरने. पुण्यात ऑफिसात बातमी वाचली आणि त्या रात्री मोबाइलवर त्याच्या लढती शोधल्या. तुम्ही ज्या ठिकाणी थांबायचात तिथून पुढं बघायला लागलो. किंग्स्टन, १९७३. जॉर्ज फोरमनने त्याला दोन राउंडांत सहा वेळा पाडलं. पुढं न्यूयॉर्कमध्ये अलीच्या हातून हार. आणि मग मनिला, अलीशी तिसरी लढत.

१ ऑक्टोबर १९७५, तिथले सकाळचे पावणेअकरा, अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी. आपल्याकडे सव्वाआठ, दुधाचा दुसरा चहा व्हायची वेळ. हॉलमध्ये भट्टीसारखी उष्णता. अली आधीपासून रबरी गोरिला घेऊन त्याची टर उडवत होता. फौजेत जायला नकार दिला म्हणून अलीवर बंदी आली होती, ती उठावी म्हणून ज्या जोने धडपड केली होती, त्याला हे मिळालं. अलीवर माझा जीव आहे, पण हे मला आजही पटत नाही आणि "तिकिटं खपवायला केलं" हे कारण तर मुळीच नाही. जोने ते बरीच वर्षं मनात ठेवलं, त्यात त्याचं काय चुकलं?

चौदा राउंड मी दात आवळून पाहिले. सुरुवातीला अली, मधे जो, पोटावर, बरगड्यांवर, वाकून, डुलून, अगदी आपल्या सुतळीखालून गेल्यासारखा. तेराव्यात अलीने त्याचा माउथगार्ड तोंडातून उडवला. चौदाव्यात जोचा उजवा डोळा सुजून बंद झाला होता. आणि डाव्याने त्याला कित्येक वर्षं धड दिसतच नव्हतं. हे मला तेव्हा कळलं, सर. चॅम्पियन होता तेव्हाही डावा डोळा अधू होता आणि तो ते लपवत होता. उजवा मिटल्यावर अलीचा उजवा हात त्याला दिसेचना. मी व्हिडिओ थांबवला. उठून पाणी प्यालो. डाव्या बाजूने येणारा, न दिसणारा हात म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चौदावा संपला. डरहॅम दोन वर्षांपूर्वीच गेला होता, आता कोपरा एडी फचचा. तो म्हणाला, बस झालं. जो म्हणाला, मला तो हवाय. फचने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बस, संपलं आता, आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही. जो उठायला बघत होता, फचचा हात हलला नाही. पलीकडे अलीचीही दशा अशी होती की ही लढत मरणाच्या सगळ्यात जवळ जाण्यासारखी होती असं तो नंतर म्हणाला. पंधराव्याला अली उठला असता का, यावर लोक अजून तावातावाने वाद घालतात. घालू देत. फचने रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होती. त्याला स्वतःला तरुणपणी हृदयाच्या दोषामुळे व्यावसायिक बॉक्सर होता आलं नव्हतं, डेट्रॉइटच्या जिममध्ये पुढे जगज्जेता झालेल्या जो लुईसबरोबर सराव करून तिथंच थांबावं लागलं होतं. थांबवलं जाण्याचं दुखणं काय असतं, हे त्या माणसाला पुरतं माहीत होतं, आणि तरी त्याने थांबवलं. जोच्या ३७ व्यावसायिक लढतींत ३२ विजय आहेत, त्यातले २७ नॉकआउट. हरला चारदा, आणि तेही दोनच माणसांकडून. या आकड्यांत फचचा हात कुठे मोजत नाहीत.

त्या रात्री मला तुमचे दात आठवले, बँडेजची गाठ सोडवणारे.

तरीही १४ वर्षं लिहिलं नाही. त्याला कारण नाही, निबरपणा आहे. परवा चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर डॉक्टरीणबाई भिंगातून बघत म्हणाल्या, "डाव्या डोळ्यात लेझरचे जुने डाग आहेत. कधीचे?" मी म्हणालो, १९९६. "वेळेवर झालं बरं का." त्यांना वाटलं मी वेळेवर दवाखान्यात गेलो होतो.

आणखी एक. गेल्या दिवाळीत तुमचा १९९९ च्या बॅचचा एक पोरगा भेटला, आता पोलिसात आहे. बोलता बोलता मी टोकियोचा अंगठा काढला. त्याने कधी ऐकलाच नव्हता! सुवर्ण माहीत होतं, बदली म्हणून गेला हे माहीत होतं, डुकराचा हात पाठ होता, पण अंगठा नाही. त्याच्याबरोबरच्या दुसऱ्याला फोन लावला, त्यालाही नाही. म्हणजे माझ्यानंतर तुम्ही गोष्टीतून तेवढा भाग काढून टाकलात. मी काही न सांगता तुम्हाला कळलं होतं की मी दुखणं का लपवलं आणि ते कुणाकडून शिकलो. मी तुमच्यावर रुसून बसलो होतो तेव्हा तुम्ही चिंचेखाली बसून स्वतःची सगळ्यात आवडती गोष्ट मोडत होता.

यासाठी आभार कुठल्या शब्दांत मानतात ते मला माहीत नाही. डोळ्यासाठी मानतो. टॉवेलसाठी मानतो. अंगठ्यासाठी सगळ्यात जास्त.

टॉवेल माझ्याकडेच आहे. त्या दिवशी कुणीतरी माझ्या बॅगेत कोंबला होता. आईने बरीच वर्षं पापड वाळवायला वापरला, एका कोपऱ्याला हळदीचा डाग आहे, तो जात नाही. येत्या महिन्यात गावी येतोय, तेव्हा घेऊन येतो. तुम्ही मात्र एक करायचं. १९७१ ला थांबायचं नाही. मनिला मी पाहिलंय, पण तुमच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

तुमचा,
६० किलोवाला (आता ८४)