पिसवांच्या रस्त्यावरून

बेलमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, रात्र

प्रिय पंत,

चिऊच्या लग्नाची पत्रिका पाठवायला पत्ता मागितलास, मी दिला. त्यावर तुझा मेसेज आला, "हा पत्ता आहे की शाप?" फोनवर उत्तर द्यायला घेतलं की तू तिसऱ्या वाक्याला स्वतःचंच सुरू करतोस. म्हणून म्हटलं, सरळ पत्र लिहावं. मी लग्नाला येतोय हे माहीत असूनही पत्रिका टपालानेच पाठवायचा तुझा हट्ट मात्र मला आवडला.

तर पाकिटावर लिहायचं नाव असं : आलामेदा दे लास पुल्गास. चारही शब्द मिळून रस्ता एकच, त्यातला एकही गावाचं नाव नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण मागच्या दिवाळीत आईने फराळ पाठवला तेव्हा कुरिअरच्या माणसाने 'आलामेदा' उचलून गावाच्या रकान्यात घातलं. आता त्या नावाचं गाव खरंच आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पलीकडे. डबा तिकडे गेला, आणखी कुठे कुठे हिंडला, आणि माझ्या हाती पडला तेव्हा चकल्यांचा चिवडा आणि चिवड्याचं पीठ झालं होतं. करंज्या शाबूत होत्या. आईच्या करंज्या तुला माहीतच आहेत. तेव्हा गाव बेलमाँट आणि पिन 94002 हे ठळक लिही. बाकी स्पेलिंग थोडं इकडेतिकडे झालं तर टपालवाले सांभाळून घेतात.

आईने स्वतःपुरता हा प्रश्न केव्हाच निकालात काढलाय. भिशीच्या बायकांना ती 'पुलगाव' सांगते. त्यांच्यातल्या एकींचे यजमान पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला होते. त्या दर वेळी विचारतात, "ऊन फार ना हो तिकडे?" आई म्हणते, "छे हो, उलट गारठाच असतो. धुकं तर विचारू नका." आणि त्या बिचाऱ्या आईच्या वयाचा विचार करून गप्प बसतात.

आता शापाबद्दल. पुल्गास म्हणजे पिसवा, आणि आलामेदा म्हणजे दुतर्फा झाडं असलेला रस्ता. तेव्हा तुझा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. इथे मात्र तो कुणाच्या मनातही येत नाही. लोक नुसतं 'द आलामीडा' म्हणतात आणि घरांचे दलाल भाव सांगताना ते जरा जास्तच लांबवून म्हणतात. पिसवा दिसतात त्या स्पॅनिश बोलणाऱ्यांना. मी केस कापायला रेडवुड सिटीत मिडलफील्ड रोडला जातो. त्या भागात मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत, माझा न्हावीही तिकडचाच. पहिल्यांदा त्याने कुठे राहतोस विचारलं, मी सांगितलं, तर गड्याने कात्री थांबवली, माझ्या मानेकडे वाकून नीट पाहिलं आणि म्हणाला, "अजून तरी काही दिसत नाही." आता प्रत्येक वेळी ती तपासणी होते.

नाव कुठून आलं ते तुला आवडेल. साल 1769. आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे होते तेव्हा. त्या उन्हाळ्यात गास्पार दे पोर्तोला हा स्पॅनिश अधिकारी साठेक माणसं आणि खेचरांचा तांडा घेऊन सॅन दिएगोहून निघाला, माँटेरेची खाडी शोधायला. खाडी वाटेत लागली, पण वर्णनाशी जुळेना, म्हणून हे लोक ती ओलांडून तसेच उत्तरेकडे चालत राहिले. ऑक्टोबर संपत आलेला, पाऊस लागलेला, बरीच माणसं आजारी. अशात समुद्राकाठी, आजच्या हाफ मून बेच्या दक्षिणेला, ओलोनी या इथल्या मूळ रहिवाशांची एक वस्ती लागली. रिकामी. आयत्या झोपड्या पाहून सैनिक आनंदाने आत शिरले आणि थोड्याच वेळात "पुल्गास, पुल्गास!" करत अंग झाडत बाहेर आले. झालं, वस्तीचं नाव पडलं पिसवांची वस्ती.

यात ओलोनींच्या स्वच्छतेला बोल लावायचं कारण नाही. पिसू कोशात असते तेव्हा अन्नावाचून कित्येक महिने काढू शकते. जवळपास पावलांची थरथर झाली, श्वासाची ऊब लागली की ती बाहेर पडते. वस्ती उठून दुसरीकडे गेली की मागे असे कोश राहणारच. बंद घर उघडून पहिला आत जाणारा माणूस त्यांच्या तावडीत सापडतो, मग ते 1769 असो की आज. तुझ्या काकांचं कोकणातलं घर आपण उघडलं होतं ते आठव. माझ्या पोटऱ्यांना तर नक्कीच आठवतं.

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग पुढे आहे. तांड्याबरोबर हुआन क्रेस्पी नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री होता, रोज न चुकता रोजनिशी लिहिणारा. मुक्काम पडला की तो त्या जागेला एखाद्या संताचं नाव देई. सैनिक ते ऐकून घेत आणि आपलं वेगळंच ठेवत. किनाऱ्यावर एका ठिकाणी चुमाश हे तिथले मूळ लोक फळ्यांची होडी बांधताना दिसले, सैनिक म्हणाले कार्पिंतेरिया, सुतारशाळा. एके ठिकाणी समुद्रपक्षी मारला, त्या जागेचं नाव गाविओता. एका नदीकाठी गवत भरून ठेवलेला भलामोठा पक्षी सापडला, ती नदी झाली पाहारो. ही तिन्ही नावं आजही नकाशावर आहेत. पाद्र्याने त्या जागांना दिलेले संत शोधायचे तर त्याची रोजनिशीच उघडावी लागते. बिचाऱ्याने इतक्या भक्तिभावाने नावं ठेवली आणि टिकली कोणती, तर सुतार, पक्षी आणि पिसवा!

समुद्राकडची पिसू डोंगर ओलांडून सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या बाजूला आली ती जहागिरीबरोबर. सॅन मातेओ ओढ्यापासून सॅन फ्रान्सिस्कितो ओढ्यापर्यंतचा सगळा टापू आर्ग्वेयो घराण्याकडे होता, रांचो दे लास पुल्गास. पस्तीस हजार एकरांहून जास्त. या घराण्यातला लुईस आंतोनियो आर्ग्वेयो पुढे मेक्सिकोच्या अमलात या प्रांताचा गव्हर्नर झाला. इथेच जन्मलेला पहिला गव्हर्नर तो. मग प्रांत अमेरिकेकडे गेला, अमेरिकन आले आणि म्हणाले, कागद दाखवा. आर्ग्वेयोंनी वकील लावला, सिमोन मेझेस त्याचं नाव. तो जिंकला, 1857 मध्ये जमिनीचा पक्का कागद झाला. पण फी म्हणून त्याने जमिनीचा पंधरा टक्के हिस्सा घेतला आणि त्यातल्या एका भागावर प्लॉट पाडून विकले. आज मी केस कापायला जातो ते रेडवुड सिटी त्यातून उभं राहिलं, काही काळ लोक त्याला मेझेसव्हिल म्हणत. कुळकायद्याच्या केसेसमध्ये तुझ्या आजोबांचं जे झालं ते ऐकून मी मोठा झालो, त्यामुळे हा मजकूर वाचताना मला काही परकं वाटलं नाही. ज्यांची ती वस्ती होती त्या ओलोनींना कागद कुणी विचारलाच नाही, हेही त्यात आलंच.

जहागीर गेली, नाव या रस्त्याला राहिलं. आणि रस्ता असा की तो सॅन मातेओ, बेलमाँट, सॅन कार्लोस, रेडवुड सिटी करत मेनलो पार्कपर्यंत जातो. गाव बदललं की घरांचे आकडे आपल्या मनाने वागतात. सॅन मातेओतलं ॲरागॉन हायस्कूल 900 नंबरला. तिथून दक्षिणेला निघालास की आकडे वाढत वाढत दोन हजारांच्या पुढे जातात, तुला वाटतं जमलं, आणि बेलमाँटची हद्द लागते. तिथलं कार्लमाँट हायस्कूल 1400 नंबरला! मेनलो पार्कात पोहोचेपर्यंत पुन्हा साडेतीन हजार. म्हणजे नुसता नंबर आणि रस्ता सांगून इथे काही होत नाही, गाव सांगावंच लागतं. एकदा पाहुणे घरी बसलेत आणि मागवलेलं जेवण सॅन मातेओत माझ्याच नंबराच्या दारात जाऊन पडलं. तिथल्या सद्गृहस्थाने फोटो पाठवला, खाल्लं मात्र नाही. पाहुणे फ्रीमाँटचे होते. ते म्हणाले, "अहो, आम्हीही आलामीडातच राहतो." कारण फ्रीमाँट ज्या काउंटीत आहे तिचं नाव आलामीडा. शिवाय सॅन होजेत 'द आलामीडा' नावाचा एक मोठा रस्ता आहे तो निराळाच. मंडळाच्या गणपतीत कुणी पत्ता विचारला की मी आता सरळ फोनवर नकाशा पाठवतो आणि मोदकाकडे वळतो.

तुला वाटेल, इथली सगळीच स्पॅनिश नावं अशी गोष्टीची आहेत. मुळीच नाही. बरीचशी घरं विकायला निघाल्यावर ठेवलेली आहेत. 1915 मध्ये सॅन दिएगोत मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हापासून इथल्या लोकांना स्पॅनिश थाटाचं वेड लागलं. लाल कौलं, पांढऱ्या भिंती, कमानी. मग रस्त्यांनाही तशीच नावं हवीत. व्हिस्टा, मॉन्ते, बेया, मार, व्हेर्दे असे पाचदहा शब्द घ्यायचे आणि त्यातले कुठलेही दोन एकमेकांना जोडायचे. व्याकरण जुळलं तर जुळलं. समुद्र दिसत नाही तिथे समुद्राचा देखावा, टेकडी कापून टाकली तिथे हिरवी टेकडी. अशा एखाद्या गोंडस नावाच्या गल्लीत राहण्यापेक्षा मला माझा रस्ता बरा वाटतो. कुणीही शहाणा बिल्डर प्लॉट विकायला पिसवांचं नाव घेणार नाही. याचा अर्थ हे नाव चावून घेतलेल्या माणसाने ठेवलंय, विकणाऱ्याने नाही.

यावरून तुमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीचं आठवलं. निम्म्या लोकांना 'पाम ॲव्हेन्यू' हवंय आणि उरलेल्यांना कुणा नगरसेवकाच्या वडिलांचं नाव, असं तू म्हणालास. गल्लीत एकही ताडमाड नाही हे मी गेल्या खेपेला पाहिलंय आणि ते वडील तिथे कधी फिरकले नसणार. रिक्षावाल्याला काय सांगता? भंगारवाल्याची गल्ली. मग तेच लिहा की पाटीवर! आपण जिलब्या मारुतीपाशी क्रिकेट खेळलो, पत्र्या मारुतीला सायकली लावल्या, खुन्या मुरलीधराला प्रसाद घेतला. आपलं काही बिघडलं? कमिटीत हे मांडलंस तर बायका चिडतील, वहिनी सगळ्यात आधी. माझं नाव सांग. मी इतक्या लांबून चिडवून घ्यायला तयार आहे.

लग्नाची धावपळ आटोपली की तुम्ही दोघं इकडे येणार हे ठरलंय, आता मोडायचं नाही. चिऊ सासरी गेल्यावर घरात नुसते एकमेकांकडे बघत बसाल. इथे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे आणि पिसवांनी तिथेही पाठ सोडलेली नाही. सॅन कार्लोसच्या बाजूला पुल्गास रिज नावाचं डोंगरावरचं रान आहे. पूर्वी तिथे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. आता त्यातल्या एका भागात कुत्र्यांना साखळी सोडून मोकळं धावू देतात. कुत्री मोकाट सोडायला बरोबर पिसवांचाच डोंगर निवडणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. वहिनींना कुत्र्यांची भीती, तेव्हा तिथे आपण दोघंच जाऊ.

तुझ्यासाठी खास जागा मात्र दुसरी आहे. पुल्गास वॉटर टेंपल. कन्यादा रोडवर, जलाशयाच्या काठी. रविवारी त्या रस्त्याचा एक मोठा टप्पा मोटारींना बंद असतो, नुसत्या सायकली आणि चालणारे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला टेकड्या आणि मध्येच हे गोल ग्रीक वळणाचं खांबांचं मंडप, सरळसोट सरूच्या झाडांच्या शेवटाला. देव नाही आत, विहिरीसारखं एक कुंड आहे. वर कमरपट्ट्यासारखी बायबलमधली ओळ कोरलेली आहे, ओसाड रानात पाणी दिल्याची. योसेमितीच्या बाजूला 'हेच हेची' नावाच्या दरीत धरण बांधून सॅन फ्रान्सिस्कोने पाणी आणलं, ते 1934 च्या ऑक्टोबरात इथे पोहोचलं. त्याची ही आठवण. काम उभं करणारा इंजिनिअर मायकेल ओशॉनेसी, त्या महिन्यातच, पाणी यायच्या थोडे दिवस आधी वारला. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगताना मलाच कसंतरी होतं.

आणि आता तुझ्या कामाचा भाग. दरी ते इथपर्यंत सुमारे 160 मैल, मध्ये आख्खी सॅन वाकीन खोऱ्याची सपाटी आणि ही किनाऱ्याची डोंगररांग, बोगदे आणि नळ धरून. सगळं पाणी आपल्या वजनाने येतं, पंप नाही. सपाटीच्या भागात दाब कसा सांभाळला असेल आणि उतार किती धरला असेल, याचा हिशोब मांडून ठेव. मी इथल्या नकाशांवरून उंचीचे आकडे काढून आणतो, लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवात कुणी काम सांगायच्या आत, बसू.

चिऊला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
लंबू